विहीर बुजवून पार्किंग? सोमवारी मीटिंग आहे, लवकर सांगा

वाड्यातला_उरलेला | १४ मे, रात्री १०:१२

मंडळी, मदत पाहिजे आणि जरा घाईत पाहिजे.

आमची बिल्डिंग नागपूरच्या महाल भागात. आधी तिथे आमचाच वाडा होता, तो बिल्डरला दिला आणि सोळा फ्लॅट उभे झाले. मागच्या अंगणातली विहीर तेवढी राहिली, कारण आजी अडून बसली होती. सही करायच्या दिवशी तिनं बिल्डरला विहिरीपाशी नेलं आणि "हिले हात लावायचा नाही" एवढंच म्हणाली. आजी गेली, विहीर आहे. दगडी बांधकाम, दहा फूट व्यास, खोली साधारण चाळीस फूट, वर लोखंडी जाळी.

आता गाड्या एकवीस, जागा बारा. ठराव आलाय की विहिरीत मलबा भरायचा, वर पेव्हर ब्लॉक टाकायचे, तीन गाड्या बसतील. ठरावाच्या बाजूनं नऊ जण. विरोधात मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकूंना विहीर फक्त पूजेपुरती हवी आहे, म्हणजे खरं तर मी एकटाच.

माझं म्हणणं असं की जुलै २०१९ आठवा. अर्धा पावसाळा उलटला तरी आभाळ कोरडं, तोतलाडोह धरण मृत साठ्यावर (नेहमीसारखं सोडता येत नाही त्या तळाच्या पाण्यावर) आलेलं आणि नागपूरला दिवसाआड पाणी. वडिलांना पंच्याहत्तर वर्षांत असं काही आठवत नव्हतं. त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगनं एकही टँकर घेतला नाही. रोज सकाळी सहाला अर्धा तास विहिरीची मोटर चालायची आणि सगळं वापरायचं पाणी त्यावर निघायचं. आज जे बुजवायच्या बाजूनं हात वर करून राहिले, ते तेव्हा बादली घेऊन रांगेत होते. फोटो आहेत माझ्याजवळ. टाकत नाही, शेजारधर्म.

नंतर मोटर जळाली, कोणी बदलली नाही. आता पाण्याला वास येतो. पालापाचोळा, निर्माल्य, एक चप्पल दिसते. साफ करायला काय लागतं, ते पाणी कशाकशाला चालेल, आणि मुख्य म्हणजे मीटिंगमध्ये बोलू काय? "पाणी हेच जीवन" चालणार नाही, ते आमच्या लिफ्टमध्ये आधीच चिकटवलेलं आहे.

टेकडी_रोड | १४ मे, रात्री १०:३१

काहून बे, तीन गाड्यांसाठी विहीर बुजवता? उन्हात ठेवा न गाडी. ती काही लोणी थोडीच हाय वितळाले.

पेठेतला_पाहुणा | १४ मे, रात्री ११:०५

पुण्याहून बदलीवर आलोय, दोन वर्षं झाली. प्रश्न भाबडा वाटेल, पण नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाणी पेंचचं येतं, गावात अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर असे चांगले तलाव आहेत. तुमच्याकडे टंचाई येते कुठून? आणि तिला दुष्काळ म्हणायचं का?

रेणापूरकर | १५ मे, सकाळी ७:२०

पाहुणे, पाऊस पडतो आणि पाणी असतं यात फरक आहे. मी लातूरकडचा. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आमच्या गल्लीतली पोरं रेल्वे बघायला स्टेशनवर गेली, मी पण गेलो. नागपूरकरांना जुलै २०१९ मध्ये दिवसाआडचं पाणी आलं तेव्हा इकडचा मित्र फोनवर रडकुंडीला आला होता. मी त्याला विचारलं, "दिवसाआड म्हणजे एक दिवस सोडून? रोजच की मग." आमच्याकडे तेव्हा पाण्याचं गणित दिवसांत नव्हतं, आठवड्यांत होतं.

चिडवत नाही. विहीर बुजवू नका, एवढंच.

गोधनी_लाइन | १५ मे, सकाळी ९:४८

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त. पाहुण्यांना उत्तर देतो, थोडं लांबेल.

नागपूरचं बरंचसं पाणी पेंच नदीचं. मध्य प्रदेशच्या सीमेवर तोतलाडोह, तिथून खाली नवेगाव खैरी, आणि तिथून शहर. काही भाग कन्हान नदीवर. गोरेवाडा जुना तलाव, आणि त्याच बाजूला व गोधनीला शुद्धीकरण केंद्रं. अंबाझरीही एकेकाळी पिण्याच्या पाण्याचाच तलाव होता, तो १८७०च्या सुमारास शहरासाठी तयार झाला. शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर, त्याहून जुना. गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला जुम्मा तलाव तो हाच. म्हणजे हे शहर आधी आपल्या अंगणातलं पाणी पीत होतं, मग हळूहळू लांबच्या धरणावर गेलं.

२०१९ ला दोन गोष्टी जुळून आल्या. पाऊस लांबला, आणि वर छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवरच चौराईचं धरण झालेलं. ते भरल्याशिवाय खाली काही येत नाही. कमी पावसाच्या वर्षी आधी ते भरणार, मग आपण. तिकडच्या शेतकऱ्यालाही पाणी लागतंच, त्यामुळे कोणाला दोष द्यायचा तो तुम्ही ठरवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस असा झाला की त्याच तोतलाडोहचे दरवाजे उघडावे लागले. जुलैत तळ, सप्टेंबरमध्ये दरवाजे. एकाच वर्षात.

आता माझ्या नोकरीतला एक किस्सा, कारण लोकांना वाटतं दिवसाआड पाणी दिलं की निम्मं वाचतं. निम्मं वाचत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी माणूस दोन दिवसांचं भरतो. ड्रम, गुंड (म्हणजे हंडे), बादल्या, कढया, लेकराचा टब. परवा पुन्हा नळ आला की भरलेलं पाणी "शिळं" होतं आणि अंगणात ओतून देतात. एका घरी मी स्वतः पाहिलं, बाई दोन गुंड मोरीत रिकामे करून त्याच नळाखाली पुन्हा लावत होत्या. मी म्हटलं, मावशी, हे पण त्याच टाकीतलं होतं. त्या म्हणाल्या, "तो परवाचा नळ होता जी."

दुसरं टिल्लू पंपाचं. लाइनला पंप लावून खेचलं की शेवटच्या घराला हवा येते. आणि लाइन रिकामी असताना खेचलं, तर जिथे पाइपाला गळती आहे तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत येतं. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचं पाणी गढूळ दिसलं तर ते पिऊ नका, सडा मारायला ठेवा.

टेकडी_रोड | १५ मे, सकाळी १०:०२

"परवाचा नळ होता जी" 😂 आमची आई!

खामल्याची_सून | १५ मे, दुपारी ३:३०

कूलरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. नागपूरच्या मे महिन्यात पाणी खातो तो कूलर. मागच्या वर्षी मी मोजलं. हॉलमधल्या मोठ्या कूलरला सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत, पाच बादल्या लागल्या. पंधरा लिटरची बादली, म्हणजे पंचाहत्तर लिटर, आणि ही फक्त दुपार. रात्रीचा वेगळा, बेडरूमचा वेगळा.

२०१९ मध्ये आमच्या सासूबाईंनी घरात आणीबाणी लावली होती. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना. आरओमधून जे पाणी फेकलं जातं त्याची नळी सरळ फरशी पुसायच्या बादलीत. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बाथरूममध्ये झाकून, संडासला ओतायला. अंघोळीला एक बादली, आणि त्या बाहेर उभ्या राहून शॉवरचा आवाज येतो का ऐकायच्या. माझे मिस्टर चाळीस वर्षांचे, आणि आई दाराबाहेर! मी किती हसले ते सांगता येत नाही.

एक मात्र खरं. आरओचं फेकलेलं पाणी आम्ही आधी कूलरमध्ये टाकायचो, ते चुकलं. क्षार जास्त असतात त्यात. महिनाभरात कूलरच्या ताट्यांवर (बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर) पांढरा थर आला, हवा येईना. फरशीला, संडासला चालतं, कूलरला नको.

सप्टेंबरमध्ये धरण भरलं, त्या दिवशी सासूबाईंनीच अंगण पाइपनं धुतलं. मी काही बोलले नाही. दोन महिने धाकात ठेवलं होतं बिचारीनं स्वतःलाही.

हिशोबी | १५ मे, संध्याकाळी ६:१५

मी वाईट माणूस होतो आज. भावनेचं सोडा. शहरातल्या जुन्या वस्तीतली विहीर म्हणजे बहुतेक वेळा गटाराचं झिरपलेलं पाणी. शेजारी साठ-सत्तर वर्षांची गटारलाइन असणार. डास, डेंगी, लहान मुलं. उद्या कोणी पडलं तर सोसायटीचा सेक्रेटरी आत जाईल. आणि सोळा घरांच्या विहिरीनं शहराचं काय होतं?

खरं पाणी कुठे वाचलं ते सांगतो. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात. पहिलाच प्रकल्प दिवसाला १३ कोटी लिटरचा, पुढे २० कोटी लिटर क्षमतेचा आणखी झाला. वीज केंद्राला थंड करायला पिण्याचं पाणी कशाला पाहिजे? तेवढं पेंचचं पाणी मोकळं झालं. देशात त्याचं नाव होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. तुमच्या हजारो विहिरी त्याच्यापुढे काय? वाचवायचं तर असं वाचवा, घाऊक.

वाड्यातला_उरलेला | १५ मे, रात्री ८:५०

हिशोबी, कोराडीचं पटलं, खरंच माहीत नव्हतं. पण २०१९ मध्ये सकाळी सहाला माझ्या संडासात कोराडीहून पाणी आलं नव्हतं.

हिशोबी | १५ मे, रात्री ८:५८

हे बरोबर आहे.

मुरूम_आणि_माती | १५ मे, रात्री ११:४०

भूजलाचं काम करतो. विहीर पाहिल्याशिवाय छाती ठोकून सांगणार नाही, तरी काही गोष्टी सगळीकडे सारख्या.

नागपूर दोन खडकांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, आणि पूर्वेकडे नीससारखे फार जुने खडक. दोन्हींत पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात, वाळूत मुरतं तसं खोल सगळीकडे नाही. त्यामुळे एका गल्लीत विहीर मार्चमध्ये आटते आणि मागच्या गल्लीत मे महिन्यात पाणी असतं. तुमची २०१९ च्या जुलैत चालली, तेही रोज अर्धा तास उपसून. याचा अर्थ तिचे झरे जिवंत आहेत. असली विहीर आज खोदायला गेलात तर त्या पैशात तीन गाड्यांचं पार्किंग भाड्यानं मिळेल.

हिशोबींची शंका रास्त आहे. म्हणून पाणी पिऊ नका. आधी तपासून घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) नुसता पाहून काही कळत नाही, जिवाणूंची तपासणी करा. गटाराचं येत असेल तर कळेल. संडास, कूलर, गाड्या, झाडं, फरशी, एवढ्याला तरी नळाचं पाणी लागू नये, हा उद्देश.

आता मीटिंगसाठी हिशोब. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर. तुमचं छत तीन हजार चौरस फूट धरतो. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, उडालेलं-सांडलेलं वजा केलं, तरी जवळपास तेवढंच पाणी खाली येतं. म्हणजे छतावर १० मिलिमीटर आणि विहिरीत एक फूट. हे वाक्य बोर्डावर लिहा. हजार मिलिमीटर पावसात शंभर फूट विहिरीत मावणार नाही, पण ते जमिनीत मुरेल, आणि मुरावं म्हणूनच टाकायचं. वर्षाला सव्वादोन लाख लिटरच्या आसपास. आज ते सगळं तुमच्या गेटमधून रस्त्यावर आणि तिथून नाग नदीत जातं.

काम असं. छताची चार इंची पन्हळ विहिरीकडे वळवायची. मध्ये एक टाकी, त्यात गिट्टी, जाड रेती, कोळसा. पहिल्या पावसाचं पाणी आत घ्यायचं नाही, त्यासाठी बायपासचा वॉल ठेवायचा, छतावरची कबुतरांची घाण वाहून गेली की मग विहिरीकडे वळवायचं. पार्किंगचं किंवा अंगणाचं पाणी चुकूनही विहिरीत सोडू नका, त्यात ऑइल असतं.

आणि हे नीट वाचा. गाळ काढायला कोणालाही सरळ खाली उतरवू नका. वर्षानुवर्षं बंद विहिरीत सडलेल्या पाल्यामुळे विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी असतो. दिवा सोडून पाहतात लोक, तो पुरेसा नाही. आधी दोन दिवस जाळी उघडी ठेवा, पंपानं पाणी काढा, ब्लोअरनं हवा सोडा, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं. दरवर्षी कुठे ना कुठे एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

काटोल_बायपास | १६ मे, सकाळी ६:०५

शहरवाल्यांचं वाचून राहिलो रात्रीपासून. माझी संत्र्याची बाग काटोल तालुक्यात. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे जे झालं ते तुमच्या दिवसाआडच्या नळाच्या बातमीत दबून गेलं.

विहीर एप्रिलमध्ये आटली. बोअर मारला, धूर निघाला. दुसरा मारला, पाचशे फुटांवर ओल लागली, दोन दिवस चालला. टँकरनं झाडं जगवायचा प्रयत्न केला, चौदा वर्षांची झाडं. एका झाडाला किती पाजणार? मे महिन्यात पानं गोळा झाली, मग लाकूड वाजायला लागलं. संत्र्याचं वाळलेलं झाड वाऱ्यात वेगळं वाजतं. नंतर कटर लावून तोडली आणि जळतनात विकली. बाप मळ्यात आला नाही त्या दिवशी.

म्हणून सांगतो. आमच्याकडे विहिरी होत्या तेव्हा लोकं पाणी पाहू शकायचे. कडेला उभं राहिलं की कळायचं किती उरलं. बोअर आल्यावर पाणी दिसायचं बंद झालं, आणि मग कोणाच्यानं थांबवलं गेलं नाही. तुमच्याकडे आहे पाहायला, तर ठेवा.

टेकडी_रोड | १६ मे, सकाळी ८:१०

भाऊ.

पेठेतला_पाहुणा | १६ मे, सकाळी ९:३०

माझा भाबडा प्रश्न मागे घेतो. एक मात्र विचारतो, २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मी पाहुणा म्हणून अंबाझरी लेआउटला होतो. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओसंडला, सकाळी सोफा अंगणात. हेच पाणी छतावरून जमिनीत गेलं असतं तर?

मुरूम_आणि_माती | १६ मे, सकाळी ११:१५

त्या रात्रीचं पाणी कुठल्याही विहिरीत मावलं नसतं, उगाच आशा लावत नाही. तसल्या पावसाला नदीला जागा लागते. छतावरच्या पाइपाचा उपयोग इतर पन्नास पावसांना.

वाड्यातला_उरलेला | १९ मे, रात्री ११:२२

मीटिंग झाली. "छतावर १० मिलिमीटर, विहिरीत एक फूट" लिहिलेला कागद घेऊन गेलो होतो. अर्ध्या लोकांनी ऐकलं, अर्ध्यांनी चहा घेतला. खालच्या मजल्यावरचे दादा, ज्यांच्या दोन गाड्या आहेत आणि ज्यांचा ठराव होता, त्यांनी सरळ विचारलं, "खर्च कोण देणार?" मी आणि काकू म्हणालो, आम्ही. (काकूंनी "आम्ही" म्हटलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.) ठरलं असं की दिवाळीपर्यंत मुदत. तोवर विहीर उपयोगी पडली नाही तर पेव्हर ब्लॉक.

गाळवाल्याशी बोललो, अठरा हजार म्हणतो. नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू व्हायच्या आत काम करून घ्यायचं आहे.

वाड्यातला_उरलेला | ३० मे, रात्री ९:४०

नवतप्याच्या आत झालं नाही, ऐन नवतप्यातच झालं. ब्लोअर लावला, दोर बांधला, वर दोन माणसं. मुरूमदादा, तुमचा मजकूर मी गाळवाल्याला वाचून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, माझा काका त्यातच गेला." त्यानं स्वतःचा दोर आणला होता.

चार दिवस गाळ निघाला. सोबत जळलेली मोटर, एका स्कूटरची नंबर प्लेट, नारळ मोजले नाहीत, आणि रबरी चेंडू सतरा. काकूंच्या मुलानं, जो आता बंगलोरला आहे, व्हिडिओ कॉलवर त्यातले दोन ओळखले.

चेंडूंपेक्षा मला वेगळंच सापडलं. आतल्या दगडावर ऑइल पेंटची एक पांढरी पट्टी आहे. बाबांनी २०१९ मध्ये दोर सोडून मारली होती, "एवढं उतरलं की मोटर बंद" म्हणून. मी विसरलो होतो. आजचं पाणी त्या पट्टीच्या दीड हात खाली आहे. म्हणजे या मे महिन्यात विहिरीत त्या जुलैपेक्षाही कमी पाणी.

गोधनी_लाइन | ३१ मे, सकाळी ७:१५

उपसल्यावर लगेच मोजू नका. आठ दिवस थांबा, झरे भरू द्या, मग पाहा.

वाड्यातला_उरलेला | ८ जून, रात्री ८:३०

थांबलो. पट्टीच्या एक वीत खाली.

तपासणीचा रिपोर्ट आला. पिण्यालायक नाही, बाकी वापराला हरकत नाही असं सांगितलं. छताचा पाइप जोडला, बायपासचा वॉल बसवला. वॉलला लाल रंग दिला, नाहीतर कोणी ना कोणी फिरवणारच.

खामल्याची_सून | ९ जून, दुपारी १:१०

लाल रंगानं काही होत नाही, कुलूप लावा. 🙏

वाड्यातला_उरलेला | २७ जून, सकाळी ७:०५

रात्री पहिला दणकून पाऊस. सुरुवातीचा अर्धा तास पाणी बाहेर सोडलं, मग छत्री घेऊन जाऊन वॉल फिरवला. विहिरीत पाइपाची धार पडत होती तिचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला म्हणे. सकाळी टॉर्च मारला, पट्टी दिसली नाही. बुडाली.

आत्ता दूध आणायला खाली गेलो तर दादा विहिरीच्या कठड्याला टेकून उभे. म्हणाले, "काय जी, ह्या पाण्यानं गाडी धुतली तर चालते का?"

मी म्हटलं, बादलीनं धुवा.